पाद्रीबाबा, माझ्या सासवा कुठे ठेवल्यात?

प्रति,
सन्माननीय पाद्रीबाबा,
लुथरपंथी चर्च, व्युर्टेम्बर्ग संस्थानातलं एक खेडं,
मुक्काम सतरावं आणि अठरावं शतक

सा. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे, आणि तेही बाळबोध लिपीत. यातलं अक्षरही तुम्हाला लागणार नाही याची मला पूर्ण कल्पना आहे. तुमच्या वह्या उघडल्या की माझं जे होतं ते तुमचंही एकदा व्हावं, एवढाच त्यामागचा सद्हेतू.

ओळख सांगते. मी तुमच्याच गावातल्या एका घराची सून. माहेर पुण्याचं. सासरी दिवाणखान्यात एक वंशवृक्ष टांगलेला आहे, काचेच्या चौकटीत, कडेनं सोनेरी वेलबुट्टी. बापाचा बाप, त्याचा बाप, त्याचाही बाप, असं ते खोड तीस वर्षांच्या युद्धापर्यंत खाली उतरतं. त्यात बायका नाहीत असं नाही. लग्नाची खूण म्हणून दोन जोडलेली वर्तुळं काढलेली आहेत आणि निम्म्याहून जास्त ठिकाणी त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. ते प्रश्नचिन्ह म्हणजे बाई.

या घरात माझ्याआधी सुना म्हणून कोण कोण आल्या, एवढंच मला हवं होतं. सासूबाई, त्यांच्या सासूबाई, त्यांच्याही सासूबाई. वंशावळीचा नाद असलेली माणसं जर्मनीत पुष्कळ भेटतात, पण ही ओळ शोधणारं कुणी भेटलं नाही. सासू काही रक्ताची नातलग नव्हे, तेव्हा तिच्या सासूत रस घेणार कोण? मला मात्र याच बायकांची चौकशी करावीशी वाटली. लग्न करून परक्या घरात शिरायचं आणि तिथल्या चुलीशी जुळवून घ्यायचं, हा व्यवहार आमचा सामाईक आहे.

१८७६ पर्यंत मागे जायला काही त्रास पडत नाही. त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून सबंध जर्मन साम्राज्यात जन्म, विवाह आणि मृत्यू सरकारी कचेरीत नोंदवणं सक्तीचं झालं. तिथल्या कारकुनाला काव्यशास्त्रविनोद नसेल, पण छापील फॉर्म असतो, आणि त्यात आईचं माहेरचं आडनाव भरावंच लागतं. हल्लीच्या कायद्यानं जन्माची नोंद ११० वर्षं, लग्नाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षं परक्यांना बंद असते, घरच्यांना मिळते. इथवर ठीक. १८७६ च्या मागे मात्र तुम्ही बसलेले आहात, बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि दफनाची अशा तीन वह्या मांडीवर घेऊन.

तुमचं नाव मला ठाऊक आहे. चर्चच्या भिंतीवर आजवरच्या सगळ्या पाद्र्यांची यादी आहे, प्रत्येकाच्या कारकिर्दीच्या सालांसकट. इथे मात्र मी ते लिहीत नाही. तुम्ही माझ्या सासवांची लिहिली नाहीत, फिट्टंफाट. शिवाय तुम्ही एकटे नव्हतात, एकामागून एक आलात. पण खोडी इतक्या सारख्या की मी तुम्हा सगळ्यांना एकच धरून चालले आहे. तुम्हीही माझ्या दोन सासवांना एकच धरलंत, तो विषय पुढे येईलच.

आधी हस्ताक्षराचं उरकून टाकते, कारण तुमच्या नावानं बोटं मोडणारे सगळे तिथूनच सुरुवात करतात. तुमची ती कुरेंट लिपी. तिच्यात रोमन 'ई' म्हणजे शेजारी शेजारी दोन तिरके फटकारे. 'एन' म्हणजेही दोन फटकारे. 'यू' म्हणजे पुन्हा तेच दोन, फक्त डोक्यावर एक छोटासा बाक. आणि जेवणाची वेळ झाली असेल तर बाकही नाही. 'एम'ला तीन फटकारे. आजच्या जर्मन स्वरांच्या डोक्यावर दोन ठिपके दिसतात ना, ते याच 'ई'चे वर चढवलेले दोन फटकारे, झिजून झिजून उरलेले. 'एच'ला वर एक फास, खाली एक फास. 'एस' दोन तऱ्हांचा. शब्दाच्या मधला लांबुडका आणि 'एफ'चा जुळा भाऊ शोभावा असा. त्यात तुमची विद्वत्ता! जर्मन शब्द कुरेंटमध्ये, लॅटिन शब्द लॅटिन वळणात, आणि माणसांची नावं ज्या दिवशी जसं मनाला येईल तशी. ओक झाडावरच्या गाठी आणि हिराकस यांची शाई मागच्या पानावर उमटलेली, कुठे कागद खाऊन आरपार गेलेली. त्या छिद्रांत कुणाकुणाची आडनावं गेली ते तुमच्या देवालाच माहीत.

पण हे मी मनाला लावून घेतलेलं नाही. पणजोबांची खतपत्रं मोडीत असलेल्या घरातून मी आले आहे. आधी पानभर डोक्यावरची रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायची, लेखणी शक्यतो उचलायची नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही, हा खाक्या आमच्याकडेही होता. मोडी शिकवणारे जे सांगतात तेच कुरेंटला लागू पडतं: सुटं अक्षर वाचत बसू नका, लिहिणाऱ्याचा हात ओळखा. प्रत्येक नोंदीत ठरलेले शब्द येतात, महिन्याचं नाव, 'बाप्तिस्मा', 'विधवा', 'नागरिक', 'विणकर'. ते आधी धरायचे, त्यांतून त्या माणसाच्या वळणाचा तक्ता करायचा आणि अडलेलं आडनाव त्या तक्त्याला लावून बघायचं. एका हिवाळ्यात जमतं. तुमच्या वह्यांची छायाचित्रं आता आर्कियोन नावाच्या संकेतस्थळावर पैसे भरून घरबसल्या बघता येतात, आणि ट्रान्स्क्रिबस नावाची संगणकप्रणाली जुनं हस्ताक्षर वाचून छापील अक्षरात काढून देते. तीही तुमच्या 'ई' आणि 'एन'पाशी अडखळते, हे मी तुमच्या कौतुकाखातर सांगते.

तारखांचं मात्र तुम्ही मुद्दाम केलंत असं माझं ठाम मत आहे. '७ बर' असं लिहिलेलं दिसलं की नवखा माणूस सातवा महिना धरून जुलैत जाऊन बसतो. तुम्हाला म्हणायचं असतं सप्टेंबर, कारण लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात. तसंच '८ बर' म्हणजे ऑक्टोबर, '९ बर' म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहाची फुली मारून पुढे 'बर' लिहिलं की डिसेंबर. चार अक्षरांची शाई वाचवून तुम्ही लोकांच्या अब्रूशी खेळलात, पाद्रीबाबा. फेब्रुवारीत लग्न आणि '९ बर'मध्ये पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा: नीट मोजलं तर नऊ महिने, नवख्यानं मोजलं तर सात. मग घरोघरी कुजबुज, की आपल्या खापरपणजीनं घाईच केली म्हणायची.

कधी कधी तर तुम्ही तारीखच देत नाही. 'त्रैक्याच्या सणानंतरचा पाचवा रविवार' म्हणता आणि मोकळे होता. तो सण ईस्टरवर अवलंबून, ईस्टर दर वर्षी हलणारा, म्हणजे एका बाळाचा जन्म लावायला आधी त्या वर्षीचा ईस्टर शोधा. त्यावर पुन्हा पंचांगाचं भांडण. पोप ग्रेगरीनं १५८२ मध्ये दहा दिवस गाळून नवं पंचांग आणलं. कॅथलिक राज्यांनी लवकरच उचललं. तुम्हा प्रोटेस्टंट मंडळींना सूर्य चुकलेला चालला, पण पोप बरोबर निघालेला चालला नाही. शंभराहून जास्त वर्षं तुम्ही अडून राहिलात आणि अखेर १७०० मध्ये १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च उजाडू दिलात. तोवर ओढ्याच्या अलीकडच्या प्रोटेस्टंट गावातली आणि पलीकडच्या कॅथलिक गावातली तारीख वेगळी.

आणि ते वार! बायबलखेरीज दुसरं काही प्रमाण न मानणारे तुम्ही, पण वार लिहायचा म्हटलं की रोमन देवतांच्या ग्रहचिन्हांशिवाय तुमचं पान हलत नाही. रविवारला सूर्य, सोमवारला चंद्रकोर, मंगळवारला मंगळाचा बाण, शुक्रवारला शुक्राचं वर्तुळ आणि खाली क्रूस. वारांचे ग्रह आमच्याकडेही अगदी तेच, त्यामुळे मला यात आनंदच झाला. बिचाऱ्या बाकीच्या लोकांना बाणाचं चिन्ह म्हणजे पुरुष आणि क्रूसवाल्या वर्तुळाचं म्हणजे स्त्री एवढंच शाळेत शिकवलेलं असतं. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी बाण बघून ते मुलगा झाला म्हणून खूश होतात. मुलगी असते. मंगळवारची.

आता नावांकडे येते. तुमच्या गावात मुलगे जन्मले की त्यांना योहान म्हणायचं, असा काही वटहुकूम होता का? योहान गेओर्ग, योहान मिषाएल, योहान याकोब, योहान आडाम, सगळे सख्खे भाऊ, आणि घरी हाक मारायची ती दुसऱ्या नावानं. मोठा योहान गेओर्ग लहानपणीच गेला तर पुढच्या मुलाला तेच नाव पुन्हा, त्यामुळे तुमच्या वहीत एकच माणूस दोनदा जन्मतो आणि पहिल्या खेपेला मरूनही दुसऱ्या खेपेला लग्न करतो. मुलींना आना मारिया, आना कातारिना, आना बार्बारा. बाईचं आडनाव लिहिताना तुम्ही शेवटी एक 'इन' चिकटवता. आपल्याकडे पाटलाची पाटलीण होते तशी म्युलरची 'म्युलरिन'. नवखे लोक ते वेगळंच घराणं समजून शोधत राहतात. पण हेही मी पोटात घालते, कारण म्युलरिन लिहिलंत म्हणजे निदान काहीतरी लिहिलंत.

माझं खरं गाऱ्हाणं त्या नोंदींबद्दल आहे जिथे तुम्ही काहीच लिहीत नाही. सतराव्या शतकातलं तुमचं एक नमुनेदार पान घ्या. बाप्तिस्मा: बापाचं नाव, त्याचं आडनाव, त्याचा धंदा, तो गावचा नागरिक असल्याची ग्वाही. मग बाळाचं नाव. मग साक्षी म्हणून आलेले धर्ममातापिता, त्यांत गावचा मुखिया असेल तर त्याची पदवी ऐसपैस अक्षरात. कुणा सरदारघराण्यातली बाई बाळाला हातात धरायला आली असेल तर तिच्या मानाच्या विशेषणांना अडीच ओळी. तुमच्या स्वतःच्या सौभाग्यवती धर्ममाता म्हणून उभ्या राहिल्या तर त्यांचाही यथोचित उल्लेख. आणि ज्या बाईनं दोन दिवसांपूर्वी ते मूल जन्माला घातलं तिच्यासाठी एक लॅटिन शब्द, 'उक्सोर', म्हणजे बायको. कुणाची? वर आहे त्याची. नाव? ते तुम्हाला माहीत होतं हो. तिच्या घरापासून चर्चचं दार दिसत होतं. सगळं गाव तिला नावानं ओळखत होतं, म्हणूनच तुम्हाला ते लिहायची गरज वाटली नाही. दफनाच्या वहीतही तेच: 'गिरणीवाल्याची बायको', वय वर्षं इतकी, महिने इतके, दिवस इतके. दिवसापर्यंत वय मोजून दिलंत! आणि दफनाच्या वेळी तुम्ही बायबलमधल्या कोणत्या वचनावर प्रवचन केलंत, तेही अध्याय आणि ओवीसकट. तुमचं प्रवचन काय होतं हे मला तीनशे वर्षांनी सांगता येतं, ते कुणाच्या पेटीसमोर झालं हे सांगता येत नाही.

आणि आता त्या दोघी. माझ्या ओळीतला एक विणकर. त्याच्या मुलांच्या नोंदी लागोपाठ आहेत, प्रत्येक ठिकाणी आई 'उक्सोर आना मारिया'. पहिल्या मुलापासून शेवटच्यापर्यंत मोजलं तर ही बाई सत्तावीस वर्षं बाळंत होत राहिलेली दिसते. सासरच्या वंशवृक्षावर तिला एकच पान आहे, आणि घरात तिच्या प्रकृतीचं अजून कौतुक होतं. बाई दोन होत्या, पाद्रीबाबा. पहिली आना मारिया एका बाळंतपणात गेली. दफनाच्या वहीत ती 'विणकराची बायको' म्हणून निनावी पडलेली आहे. घरात तान्हं मूल आणि माग चालवायला दुसरे हात हवेत, म्हणून विणकरानं वर्ष उलटायच्या आत दुसरं लग्न केलं, तेव्हाच्या कुठल्याही विधुरानं केलं असतं तसं. दुसरीचंही नाव आना मारिया. तुमच्या दृष्टीनं काहीच बदललं नाही. 'उक्सोर आना मारिया' लिहायचा हात बसलेला होता, तो चालत राहिला.

त्यांना वेगळं कसं केलं ते सांगते, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. पहिला धागा धर्ममातेचा. तुमच्याकडे एका जोडप्याच्या सगळ्या मुलांना बहुधा तेच धर्ममातापिता असायचे, आणि धर्ममाता पुष्कळदा आईची बहीण किंवा तिच्या माहेरची कुणी. मधल्या एका मुलापासून हे साक्षीदार अचानक बदलतात. मृत्यू किंवा दुसरेपणा आला की असंच होतं. तिथून लग्नाची वही धुंडाळायची. लग्नाच्या नोंदीत नवरीचं आडनाव नसलं तरी 'अमक्याची औरस कन्या' असं बापाचं नाव तुम्हाला लिहावं लागे, कारण बापावाचून मुलगी द्यायला कोण येणार? आडनाव सापडलं ते असं, बापाच्या खिशातून काढल्यासारखं.

दुसरा धागा तुमच्या हातचा नाहीच. तुमच्या व्युर्टेम्बर्गमध्ये १५५५ च्या कायद्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत एक विलक्षण पद्धत होती. लग्न झालं की नवराबायकोनं सोबत काय काय आणलं, आणि दोघांतलं कुणी गेलं की मागे काय उरलं, याची कारकुनाकडून घरात येऊन यादी व्हायची. जमीन, रोकड, कपडे, पुस्तकं, अंथरूण-पांघरूण, कापड, तांब्याची भांडी, कथलाची, लोखंडाची, लाकडाची, पिंपं, गुरं, असे रकाने. तुमच्या भागात वारसा मुलगे आणि मुली यांच्यात सारखा वाटला जायचा, म्हणून बाईनं आणलेलं बाईच्या नावावर वेगळं मांडावं लागे. तिथे दुसरी आना मारिया भेटली. बापाच्या नावासकट, माहेरच्या गावासकट. एक गाय, एक चरखा, जुनी आणि नवी अशी वेगवेगळी मोजलेली झबली, एक फुटकं तवेवजा भांडं, त्याच्यापुढे 'फुटकं' असं प्रामाणिकपणे लिहिलेलं. तुमच्या त्या कारकुनांच्या नावानं संस्थानातली प्रजा खडे फोडायची म्हणतात. मी त्यांच्या पाया पडायला तयार आहे. आत्म्याचा हिशेब ठेवणाऱ्याकडे तिचं नाव नव्हतं, भांड्यांचा हिशेब ठेवणाऱ्याकडे होतं.

तिसरा धागा तर खास तुमच्याच दप्तरातला. १६४० च्या दशकात योहान व्हालेंटीन आंद्रेए यांच्या पुढाकारानं व्युर्टेम्बर्गच्या गावोगावी चर्चची पंचायत बसू लागली. पाद्री आणि मुखिया पुढे बसणार, दोनचार प्रतिष्ठित बाजूला, आणि गावानं आपापली पापं घेऊन समोर यायचं. कुणी प्रार्थना चुकवली, कुणी लग्नसराईत नाचलं, कुणी शेजारणीला चेटकीण म्हटलं, कुणाचं पोट लग्नाआधी दिसू लागलं. या पंचायतीचे कागद उघडले की बायकाच बायका! नाव, आडनाव, कुणाची मुलगी, कुणाची पत्नी, ती काय म्हणाली, त्यावर तिची जाऊ काय म्हणाली. तुमचं तेच हस्ताक्षर, पण शाईला अंत नाही. पहिली आना मारिया, जिला दफनाच्या वहीत नाव मिळालं नाही, ती इथे सापडली. रविवारी, प्रवचनाच्या वेळी, घरात सूत कातताना पकडली गेली होती. अर्धं पान आहे तिच्यावर. दंड कुणाकडून वसूल करायचा यात घोळ नको, म्हणून नाव अगदी पूर्ण.

तेव्हा तुमच्याकडे शाई नव्हती, वेळ नव्हता, बायकांची नावं लिहायची रीत नव्हती, यातलं एकही कारण मी ऐकून घेणार नाही. बिनलग्नाच्या आयांचीही नावं तुम्ही चुकवली नाहीत. काही गावांत तर तुमच्या धर्मबंधूंनी अशा बाळांच्या नोंदी वही उलटी धरून लिहिल्या, पान चाळणाऱ्याला लांबूनच कळावं म्हणून. नाव लिहायचं की नाही हे तुम्ही दर वेळी ठरवत होता. गुन्ह्याला लिहायचं, बाळंतपणाला नाही, असं ठरवत होता.

तुम्हाला श्रेय द्यायचं तिथे देते. १६३४ च्या सप्टेंबरात नॉर्डलिंगेनची लढाई झाली, प्रोटेस्टंट फौज मोडली, सम्राटाचं सैन्य व्युर्टेम्बर्गवर आलं, आणि मागून प्लेग. गावंच्या गावं ओस पडली, कित्येक वह्या जळाल्या. ज्या वाचल्या त्या कुणीतरी वाचवल्या म्हणून वाचल्या. त्या काळात बाराखडी येणारे हात गावात मोजकेच, आणि बाप्तिस्म्यापेक्षा दफनं जास्त. तरीही तुम्ही लिहीत राहिलात. एखाद्या पानाच्या कडेला गारपिटीची, भुकेची चार वाक्यं लिहून ठेवलीत. १८१५ मध्ये दूर इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडे उन्हाळाच आला नाही. पीक हाती लागलं नाही, आणि माणसं रशियाकडे आणि अमेरिकेकडे निघाली. १८०८ पासून तुम्ही दर कुटुंबाला एक पान देऊन नोंदी ठेवू लागलात, आईबाप, मुलं, सगळी एका जागी. ती पानं म्हणजे माझ्यासारखीला पर्वणी. हे उशिरा सुचलं, पण सुचलं.

तुमच्या पश्चात तुमच्या वह्यांचं काय झालं ते तुम्हाला कळवणं भाग आहे, आणि इथे मला थट्टा जमत नाही. एप्रिल १९३३ च्या कायद्यानं सरकारी नोकरांना आजे-आज्या 'आर्य' असल्याचे पुरावे द्यावे लागले आणि लवकरच ही कटकट बहुतेकांच्या मागे लागली. पुरावा कुठला? तुमच्या वह्यांतले दाखले. पाद्र्यांच्या कचेऱ्यांत अर्जांचे ढीग लागले. बर्लिनमध्ये तर कार्ल थेमेल नावाच्या पाद्र्यानं पुढाकार घेऊन १९३६ मध्ये शहरातल्या चर्चच्या वह्या एका ठिकाणी आणल्या आणि बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंची कार्डं बनवली. आजोबांना चर्चनं आपलं म्हणून वहीत लिहून घेतलं होतं, नातवंडांना त्याच ओळीवरून वेगळं काढलं. ज्या राजवटीनं सगळ्या देशाला पणज्यांच्या नोंदी उकरायला लावलं, तिनंच १९४१ मध्ये शाळांतून तुमची लिपी बंद केली. तोवर ल्युडविग झ्युटरलीन यांनी मुलांसाठी सोपी करून दिलेली तिची आवृत्ती प्रशियात १९१५ पासून शिकवली जात होती. १९४१ नंतरच्या पिढीला आजीची पत्रंही वाचता येत नाहीत. माझे सासरे कपाटातली पत्रं वाचायला माझ्याकडे आणून देतात; पुण्याच्या सुनेकडे.

एक गोष्ट मात्र मला अनपेक्षित मिळाली, तीही तुमच्याच प्रदेशातून. बाझल मिशनच्या पाद्र्यांत तुमच्या व्युर्टेम्बर्गच्या खेड्यांतली पोरं भरपूर. ही मंडळी १८३४ मध्ये मंगळूरला पोचली आणि १८३७ मध्ये धारवाडला आली. त्या मुलखाला तेव्हा दक्षिण मराठा प्रदेश म्हणत, आणि बाझलच्या दप्तरखान्यात तिथल्या पत्रांचे गठ्ठे त्याच नावाखाली आहेत. कोकणातल्या घरांवर जी मंगळुरी कौलं बघत आपण मोठे झालो, त्यांचा कारखानाही याच मिशननं १८६५ मध्ये काढला. पण माझा जीव अडकला तो त्यांच्या बायकांत. मिशनच्या पाद्र्याला लग्न करायचं तर बाझलच्या समितीची परवानगी लागे, आणि पुष्कळदा वधूही तिकडूनच शोधून जहाजावर बसवून देत. तिनं नवऱ्याला आधी पाहिलेलंही नसे. उतरायचं, चर्चमध्ये जायचं आणि संसाराला लागायचं. मुलं झाली की ती शिक्षणासाठी लहानपणीच युरोपात परत. याच मिशनच्या हेर्मान गुंडर्ट यांची मुलगी मारी १८४२ मध्ये केरळात तलश्शेरीला जन्मली आणि लहानपणीच तिकडे ठेवली गेली. तिचा मुलगा, कादंबरीकार हेर्मान हेसे, पुढे १८७७ मध्ये तुमच्या काल्व्हमध्ये जन्मला. या नवऱ्या मात्र 'उक्सोर' राहिल्या नाहीत. त्यांनी स्वतः लिहिलं. आईला, बहिणीला, पानंच्या पानं, त्याच दोन फटकाऱ्यांच्या लिपीत: उन्हाळा, पोरांचे ताप, नोकराशी कुठल्या भाषेत बोलायचं, इथलं पीठ कसं फुगत नाही. ज्या वाटेनं मी इकडे आले तिच्याच दुसऱ्या टोकाला निघालेल्या या बायका, आणि त्यांचं अक्षर तुमच्यापेक्षा पुष्कळ बरं आहे.

आता मागण्या. दिवाणखान्यातल्या वंशवृक्षावर मी दोन आना मारिया वेगळ्या करून चिकटवल्या आहेत. घरात थोडी नाराजी आहे, कारण सत्तावीस वर्षांची बाळंतीण गेली आणि बढाई मारायला काही उरलं नाही. त्यांच्या आधीच्या तीन सासवा अजून प्रश्नचिन्हातच आहेत. १६३४ च्या आधीची वही जळाली ते मी समजू शकते. १६५० नंतरची जळालेली नाही. ती माझ्या पडद्यावर उघडी आहे आणि तिथे तुम्ही 'त्याची बायको' असं लिहून वाळू शिंपडून पान मिटलं आहे. तिचं नाव काय होतं तेवढं सांगा. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. कुरेंटमध्ये चालेल. तारीख मात्र ग्रहांत नको.

कळावे,
तुमच्या गावची एक सून

ता. क. : पहिल्या आना मारियाला रविवारच्या सूतकताईबद्दल जो काही क्रॉयत्सर दंड झाला, तो भरल्याची नोंद तुमच्या दप्तरात कुठे दिसत नाही. बाकी असेल तर आकडा कळवा. सासूचं देणं आहे, मी भरते. पावती तिच्या नावानं फाडा.